यामिनी पेठे नेमकी कुठं राहते?

यामिनी पेठे कोलकात्यात वाढली, भांडायला बंगालीत शिकली, चिडायला मराठीत, आणि नोकरीसाठी नेदरलँड्सला गेली. तिथं उट्रेख्त शहरात ती एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायची. वडील, श्यामसुंदर, निवृत्तीनंतर कोलकात्यातल्याच सॉल्ट लेक भागातल्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. एकदा ते बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि यामिनी दोन आठवड्यांची रजा टाकून आली.

रजा संपेपर्यंत बाबा वॉकर धरून उभे राहायला लागले होते आणि देखभालीला ठेवलेल्या दोन आया त्यांनी हाकलून लावल्या होत्या. यामिनीने साहेबाला विचारलं, "थोडे दिवस घरून काम करू का?" साहेब म्हणाला, कर. कुठल्या घरून, हे त्याने विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. थोड्या दिवसांचे बरेच महिने झाले. मीटिंगला ती पाठीमागे कोरी भिंत ठेवायची आणि कोलकात्याच्या घामट उन्हाळ्यात अंगात स्वेटर घालून बसायची.

घात केला मोहल्ल्यातल्या क्लबच्या कर्ण्याने. खाली रक्तदान शिबिर होतं. ऐन मीटिंगमध्ये कर्णा गरजला.

"हा आवाज कसला?" साहेबाने विचारलं.

"शेजारी आहेत."

"काय म्हणतायत?"

"रक्त मागतायत."

यापुढे कुठली थाप मारावी हे तिला सुचेना. तिने खरं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी साहेबासोबत एक वकीलही पडद्यावर आला. त्याचा चेहरा पडलेला. तो म्हणाला, यामिनी इतके महिने भारतात बसून काम करतेय, तेव्हा कंपनीचं इथं कार्यालयच आहे असं भारताचं आयकर खातं म्हणू शकतं, आणि मग कंपनीकडेच कर मागू शकतं.

श्यामसुंदर दारात कान देऊन उभे होते. "म्हणजे तुझ्या आईच्या शिवणयंत्राच्या खोलीत यांची शाखा आहे? आणि मला कोणी नारळसुद्धा फोडायला बोलावलं नाही?"

"बाबा, गप्प बसा."

कंपनीने सांगून टाकलं, परत ये, नाहीतर राजीनामा दे.

काही ठरवण्याआधी यामिनी बालीगंजला घोषालबाबूंकडे गेली. साडीच्या दुकानावर त्यांचं चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस. तिचं प्रकरण ऐकून ते मिठाई मिळाल्यासारखे खूश झाले.

"अर्ध्याहून जास्त वर्ष इथं काढलंत, म्हणून भारताच्या लेखी तुम्ही इथल्या रहिवासी. तिकडे भाड्याचं घर आहे, नोकरी आहे, म्हणून त्यांच्या लेखी तिकडच्या."

"चाळिशी आली तरी लग्नासाठी कोणी विचारलं नाही," यामिनी म्हणाली, "आणि आता एकदम दोन देश माझ्यासाठी भांडतायत."

"भांडण सोडवायला दोन्ही देशांचा करार आहे. आधी पक्कं घर कुठं ते बघतात. तुमचं दोन्हीकडे. मग माणसाचा जीव कुठं गुंतलाय ते बघतात."

"हे आयकरवाले बघतात?"

"बघतात. सांगा, तिकडे कोण आहे?"

"एक सायकल आहे. एक झाड होतं, एव्हाना मेलं असेल."

"मित्रमंडळी?"

"आहेत. महिनाभर आधी वेळ ठरवून भेटतात."

"आणि इकडे?"

यामिनी बोटांवर मोजू लागली. इकडे रोज सकाळी तिच्या पोह्यांना नावं ठेवणारे बाबा होते. फोन न करता येऊन थेट फ्रिज उघडणारी शाळेतली मैत्रीण स्नेहा होती. तिला लहानपणापासून हक्काने फसवत आलेला मासळीवाला होता.

"मी रडले," ती नंतर सांगायची. "चार्टर्ड अकाउंटंटसमोर! अक्कलदाढ काढली तेव्हासुद्धा रडले नव्हते."

घोषालबाबूंनी चहा मागवला आणि समोरच्या कागदावर लिहिलं, भारत.

त्याच आठवड्यात तिने राजीनामा दिला. इथं बसून केलेल्या कामाचा कर इथं भरायचा होता, आणि तिकडे कापलेला परत मागायचा होता. तो पत्रव्यवहार पुढे वर्षभर रेंगाळला. मध्यंतरी सॉल्ट लेकमधल्याच सेक्टर फाइव्हमध्ये, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या वस्तीत, तिला नोकरी मिळाली. मग तिने बाबांना मोठ्या थाटात सांगितलं, "मी आता कायमची राहणार."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "कुठं?"

"इथं."

"मला विचारलंस? संध्याकाळी तुझ्या मीटिंगा, म्हणून टीव्ही लावायचा नाही. चहात साखर तू म्हणशील तेवढीच. माझी पत्त्यांची मंडळी तुला घाबरून येईनाशी झाली. माझं खुब्याचं हाड मोडलं होतं, यामिनी, डोकं नाही."

दोन दिवस ती ताट घेऊन आपल्या खोलीत जेवली. तिसऱ्या दिवशी तेच तिच्या खोलीत आले.

"राग आला?"

"आला."

"कोलकात्यात रहा. मला बरं वाटेल. फक्त माझ्या घरात नको."

यामिनीने बालीगंजमध्ये दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान लागलं त्या दिवशी बाबा टॅक्सी करून आले, काठी टेकत जिना चढले, स्वयंपाकघर अरुंद आहे म्हणाले, डाळ खारट आहे म्हणाले आणि दोनदा वाढून घेतली. जाताना त्यांनी घराची जादा किल्ली मागितली.

यामिनीने दिली नाही.