आवाज कोण बदलतं?

टेलिफोनच्या स्विचबोर्डवर उभा जन्म घालवलेला माणूस कोणाच्या आवाजावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही. "साहेब मीटिंगमध्ये आहेत," असं पलीकडून आलं, की साहेब निवांत चहा पितायत हे हॅलोकाका ओळखायचे. निवृत्तीनंतर डोळे गेले, संशय मात्र शाबूत राहिला.

पेपर काकू वाचून दाखवायच्या. मग मुलाने कॉम्प्युटरमध्ये वाचून दाखवणारा प्रोग्रॅम घालून दिला. आवाज कसला, डब्यात खडे हलवल्यासारखा! काका हट्टाला पेटले. मुलाला फोनवर धरून एकेक सेटिंग बदललं. वेग उतरवला, पट्टी खाली आणली, दर वेळी "स्वल्पविराम" असं ओरडायची खोड मोडली, वाक्य संपल्यावर जरा दम घ्यायला लावला. यंत्र माणसासारखं वाचू लागलं.

दुसऱ्या दिवशी परत खडे! काका वैतागून काकूंनाच पेपर घेऊन बसवत.

"कोणीतरी हात लावलाय याला!"

"कोण लावणार? मला तर त्यातलं ओ की ठो कळत नाही," काकू म्हणाल्या.

इतकं पटकन उत्तर? काकांनी कान टवकारले. पुन्हा नीट केलं, पुन्हा बिघडलं. मुलावर संशय घेऊन झाला, वीजवाल्यांवर झाला. त्यात स्विचबोर्डवर शेजारी बसणारा त्यांचा जुना जोडीदार हल्ली फोन उचलत नव्हता. काकूंना विचारलं, की "गेले असतील लेकीकडे," आणि लगेच भांड्यांची आदळआपट.

शेवटी एका दुपारी काकांनी झोपेचं सोंग घेतलं. चक्क घोरलेसुद्धा. बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली आणि यंत्र बोललं, "वेग, नव्वद. पट्टी, ऐंशी." हे यंत्र हात लावणाऱ्याचीही चहाडी करतं, हे बिचारीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

काका घोरतच राहिले. काकू भाजीला गेल्या तसा त्यांनी आवाज ठीक केला आणि काकू कधीच वाचत नसत ते श्रद्धांजलीचं पान लावलं. जोडीदाराचं नाव आलं. जाऊन महिना झाला म्हणून घरच्यांनी दिलेली श्रद्धांजली होती. यंत्राने ते इतक्या समजूतदार आवाजात वाचलं, की काकांना वाटलं, आता हे थांबेल. त्याच आवाजात त्याने लगोलग सोफ्याच्या सेलची जाहिरात वाचली.

काकू परतल्या तेव्हा यंत्र बंद होतं.

"चोर सापडला," काका म्हणाले.

भाजीची पिशवी खाली टेकली. "तुम्ही नुकते आजारातून उठला होतात हो. रोज म्हणायचे, उद्या सांगते. जीभच रेटेना."

"चष्मा लाव. वाच ते पान."

"आता ऐकलंत ना?"

"त्याच्याकडून ऐकलं. तू वाचल्याशिवाय मला खरं वाटायचं नाही."

काकू शेजारी बसल्या. नावापर्यंत आल्या आणि पुढे त्यांना वाचवेना. काकांनी चाचपडत त्यांचा हात धरला.

"म्हणजे खरंय," ते म्हणाले.