पुसायचा पाव
ताज्या पावाचा वास आला की मला भूक लागत नाही, आईचं चित्र आठवतं. मुंबईच्या चित्रशाळेतून मी सुट्टीला ठाण्याला घरी आलो होतो आणि ओटीवर आईला बसवून कोळशाच्या कांडीने तिचं चित्र काढत होतो. चुकलेली रेघ पुसायला आम्ही विद्यार्थी पावाचा मऊ गाभा वापरत असू. बोटांत मळून कागदावर हलकेच दाबला की काळं उचललं जाई आणि गालावर उजेड पडे. त्या काळी आमच्यासारख्या सोवळ्याच्या घरात पाव म्हणजे धर्म बाटवणारं अन्न. तेवढ्यात काका पूजा आटोपून बाहेर आले आणि माझ्या हाताकडे बघून दारातच थबकले. "पाव? या घरात? बाटलास तू!" मी म्हटलं, "काका, खाल्ला नाही हो, पुसायला आणलाय." "पुसायला म्हणे! उद्या भटजींना बोलावतो. प्रायश्चित्त घे, नाहीतर पंक्तीत पान मिळायचं नाही." अंगणात शेजारी जमले. आई मान खाली घालून बसली होती, जणू पाव तिनेच आणला होता. ते पाहून माझं डोकं फिरलं. न केलेल्याचं प्रायश्चित्त कसलं घ्यायचं, त्यापेक्षा करूनच टाकतो, असं म्हणून कोळशाने काळा झालेला तो गोळा मी सगळ्यांदेखत तोंडात टाकला आणि सावकाश चावून खाल्ला. पंक्तीतलं माझं पान उठलं ते कायमचं. प्रायश्चित्त मी आजवर घेतलेलं नाही. चित्र माझ्या भिंतीवर आहे. आईच्या हनुवटीवर एक काळा डाग राहिलाय, तो पुसला का नाही म्हणून लोक विचारतात. मी सांगतो, पुसायचा पाव मी खाल्लाय.