तिसऱ्या चॅनलवरची सही

ताईंनी आयुष्यात पहिला ध्वनी-मिक्सर पाहिला तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. त्याआधीची बारा वर्षं वडिलांच्या दुकानात त्यांनी स्वयंपाकघरातले मिक्सर दुरुस्त केले होते. जळलेली मोटर वासावरून ओळखायची, वेटोळं उकलायचं, नवी तार गुंडाळायची. वडील गेले, दुकान बंद झालं, आणि कुणीतरी सांगितलं की कार्यक्रमांना ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्या एका कंपनीला मिक्सर दुरुस्त करणारं माणूस हवंय. ताई गेल्या. समोर ठेवलेल्या यंत्राला भांडं नव्हतं, पातं नव्हतं, नुसते चाळीस-पन्नास नॉब होते.

"येतो ना दुरुस्त करता?" मालकांनी विचारलं.

"स्क्रू ड्रायव्हर द्या," ताई म्हणाल्या. "आत तारा आणि जोडच असणार ना."

त्या दिवशी तो मिक्सर दुरुस्त झाला नाही. पण उघडलेला प्रत्येक स्क्रू कुठला, हे कागदावर लिहून ठेवणारी बाई मालकांनी पहिल्यांदाच पाहिली होती. त्यांनी ठेवून घेतलं. पुढच्या तेवीस वर्षांत कंपनी एका गाळ्यातून तीन मजल्यांवर पोचली आणि ताई चाचणीच्या खोलीपर्यंत. विकत घ्यायचं प्रत्येक यंत्र आधी त्या खोलीत यायचं, ताई त्याची उलटतपासणी घ्यायच्या, कागदावर सही करायच्या, मगच ते गोदामात जायचं. नाकावर माशी बसू न देणारी बाई, असा त्यांचा लौकिक होता. मागे बोलणारे 'खडूस' म्हणायचे. तेही ताईंना माहीत होतं.

त्यांचा डावा कान अधू होता. बारीक, किणकिणते आवाज त्या कानाला पोचत नसत. हे त्यांनी कधी लपवलं नाही. उलट त्यामुळेच त्या कानावर विसंबायच्या नाहीत. मोजायच्या, लिहायच्या, स्पीकरच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवून आवाजाचा धक्का तपासायच्या.

त्या वर्षी डीजे लोकांसाठीचा एक नवा मिक्सर आला. दिसायला देखणा. चार चॅनल, म्हणजे एका वेळी चार गाणी चार वाटांनी आत यायची सोय. प्रत्येक चॅनलला फिल्टरचा एक नॉब. तो डावीकडे फिरवला की गाण्यातला वरचा, पातळ आवाज कापला जातो. उजवीकडे फिरवला की खालचा, छातीत घुमणारा बेस. बरोबर मध्ये आणला की फिल्टरने गप्प बसायचं, गाण्याला हात लावायचा नाही. शिवाय मिडी होतं. म्हणजे नॉब हलला की मिक्सर संगणकाला एक आकडा पाठवतो, शून्य ते एकशे सत्तावीस, मध्यावर चौसष्ट. त्या आकड्यांवर संगणक दिवे आणि पडदे नाचवू शकतो.

मालकांना तो बघताक्षणी आवडला होता. असे चाळीस घ्यायचं ठरलं होतं, मिक्सरशेजारी उभं राहून फोटोही काढून झाले होते. सही तेवढी बाकी होती.

पहिल्या दिवशी ताईंना काही खोट सापडली नाही. आवाज कमी-जास्त करायचे फेडर लोण्यासारखे सरकत होते, कुठे खरखर नव्हती. "बरा आहे," त्यांनी वहीत लिहिलं. त्यांच्या भाषेत ही मोठीच स्तुती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच गाणं चारही चॅनलवर लावलं, फिल्टरचे चारही नॉब मध्यावर आणले आणि यंत्र चालू ठेवून दुसरं काम करत बसल्या. दीडेक तासाने पेटीवर हात ठेवला. पहिला चॅनल, धक्का नीट. दुसरा, नीट. तिसरा जरा पोकळ. चौथा पुन्हा नीट. त्यांनी तिसरा परत लावला. भरलेल्या आणि अर्ध्या रिकाम्या हंड्यावर टिचकी मारावी, एवढा फरक.

मग त्यांनी संगणक जोडला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. पडद्यावर तिसऱ्या फिल्टरचे आकडे आपोआप सरकत होते. चौसष्ट, पासष्ट, चौसष्ट, सहासष्ट. नॉबला कुणी शिवलेलंही नव्हतं.

दुसरा नग मागवला. तिसरा मागवला. तिन्हींत तेच, आणि दर वेळी यंत्र तापल्यावरच. उघडून पाहिल्यावर कारण कळलं: वीजपुरवठ्याची पट्टी नेमकी तिसऱ्या चॅनलच्या पोटाखाली बसवली होती. ती तापली की वरच्या नॉबचा मध्य सरकायचा. नॉब मध्यावर दिसायचा, पण यंत्राला वाटायचं कुणीतरी तो थोडा उजवीकडे वळवलाय. मग ते इमानाने बेस कापायला लागायचं.

ताईंनी एका पानाचा अहवाल लिहिला, तारीख घातली आणि खाली लिहिलं: 'या स्थितीत घेऊ नये.'

दोन दिवसांनी सकाळी मालकांनी बैठक बोलावली. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी आला होता, कडक इस्त्रीचा. टेबलावर मिक्सर नुकताच चालू केलेला.

"दाखवा, ताई," मालक म्हणाले.

"आत्ता दिसणार नाही. दीड तास चालू राहू द्या."

प्रतिनिधी हसला. "मॅडम, हा मिक्सर आहे. शेगडी नाही तापवायला." खोलीतले इतरही हसले. त्याने गाणं लावलं, चारही चॅनल एकामागोमाग वाजवले. चारही सारखे वाजले. वाजणारच होते, यंत्र थंड होतं. "नाचता येईना की अंगण वाकडं होतं," तो मालकांकडे बघत म्हणाला.

"मला नाचायचं नाहीये," ताई म्हणाल्या. "मला अंगण मोजायला ठेवलंय. दीड तास बसा, दाखवते."

"एवढा वेळ कुणाला आहे?" मालकांचा आवाज चढला. मग तो त्यांनी खाली आणला, आणि ते जास्त वाईट होतं. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचा तो कान... आता वयही झालंय. होतो माणसाला भास."

तेवीस वर्षांत त्या कानाचा उल्लेख असा कुणी केला नव्हता. ताईंना रडू येईल असं क्षणभर वाटलं. त्याचाच त्यांना जास्त राग आला.

"आकडे मी कानाने वाचत नाही," त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी वाचते. चष्मा लावून."

"सही करा, विषय संपवा."

"नाही करणार."

"मग चाचणीच्या खोलीची किल्ली ठेवून जा."

ताईंनी किल्ली टेबलावर ठेवली. अहवालाची एक प्रत किल्लीखाली सरकवली, दुसरी पर्समध्ये घातली आणि बाहेर पडल्या.

त्याच दिवशी दुसऱ्या एका तंत्रज्ञाने सही केली. पुढच्या सोमवारपासून ताईंची बदली तळमजल्यावर, केबलच्या खोलीत. खिडकी नाही, एक पिवळा दिवा, भिंतीभर खुंट्या. परत आलेल्या केबल पुसायच्या, तपासायच्या, गुंडाळून टांगायच्या. बाई आता आपणहून राजीनामा देईल, असं सगळे धरून चालले होते. हिशेबनीस आडून आडून तसं सुचवूनही गेले.

"चूक माझी असती तर दिला असता," ताई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या चुकीचा राजीनामा मी कशाला देऊ?"

घरी सासूबाई होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. ताईंचे यजमान लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, महिन्यातून चार दिवस घरी. बाकी दिवस या दोघींचंच राज्य.

"एका बटणासाठी एवढं?" सासूबाईंनी विचारलं.

"नॉब आहे तो."

"नॉब तर नॉब. तुझ्या जागी मी असते तर केली असती हो सही."

ताई पोळ्या लाटत राहिल्या. सासूबाईंनी थोडा वेळ पोळपाटाकडे बघितलं. "केली असती," त्या म्हणाल्या, "आणि मग जन्मभर चरफडत बसले असते. तुझ्या सासऱ्यांच्या कितीतरी गोष्टींना मी अशीच मान डोलावली. तू नको डोलावू. केबल तर केबल."

ताईंनी केबलचं कामही तसंच केलं. महिनाभरात खराब जोडांची वेगळी खुंटी झाली, प्रत्येक केबलला लांबीची चिठ्ठी लागली. आणि भाड्याने मिक्सर न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला केबल देताना त्या एक वाक्य सांगायच्या. कुणी ऐकायचं, बहुतेक जण ऐकायचे नाहीत.

एक दिवस एक तरुण डीजे आली. कापलेले केस, कोपरापर्यंत गुंडाळलेल्या बाह्या. एका कारखान्याच्या स्नेहसंमेलनासाठी मिक्सर न्यायचा होता, दुपारभराचा कार्यक्रम.

"दिवे आणि पडदा मिडीवर चालवणार का?" ताईंनी विचारलं.

तिने भुवया उंचावल्या. "हो. का?"

"दीड तासाने तिसरा चॅनल बेस खायला लागेल. गाणं दुसऱ्यावर घ्या. आणि तिसऱ्याच्या फिल्टरला दिवे बांधू नका."

"तुम्ही केबलचं बघता ना?"

"सध्या," ताई म्हणाल्या आणि तिच्या हातात केबलचं वेटोळं दिलं.

मुलीने दिवे तिसऱ्याच्या फिल्टरलाच बांधले. केबलच्या खोलीतल्या बाईचं ऐकून जमवलेली मांडणी कोण बदलतं? कार्यक्रम दणक्यात सुरू झाला. दीड तास उलटला, कारखान्याचे व्यवस्थापक भाषणाला उभे राहिले, मागे हळू संगीत तिसऱ्या चॅनलवर. आणि दिवे लागले थरथरायला. व्यवस्थापकांचा चेहरा निळा, पांढरा, निळा. लोक आधी दबून, मग मोकळेपणी हसायला लागले. मुलीने घाईघाईत नॉब पाहिला, मध्यावरच होता. हात मागे घेतले तरी दिवे थांबेनात. तेव्हा तिला ते वाक्य आठवलं. तिने संगीत दुसऱ्या चॅनलवर घेतलं, मिडीची केबल उपटली, दिवे हाताने लावले. कार्यक्रम पार पडला. पण मिडी उपटण्याआधी तिने एक काम केलं होतं. फोन समोर टेकवून, दोन्ही हात वर धरून, संगणकाच्या पडद्यावर आपोआप पळणाऱ्या आकड्यांचं चित्रण केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो मिक्सर तिने मालकांच्या टेबलावर आदळलाच म्हणायचा. चित्रण दाखवलं. "हे तुमच्या केबलवाल्या बाईंना माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला नव्हतं, की होतं?"

जेवणाच्या सुट्टीआधी मालक तळमजल्यावर उतरले. केबलच्या खोलीत ते बहुधा पहिल्यांदाच येत होते. दारात डोकं आपटलं. ताईंनी स्टूल पुढे केलं नाही.

"त्या मिक्सरचा एक अहवाल लिहून द्या," ते म्हणाले. "आजच्या तारखेचा. वापरात आल्यावर दोष लक्षात आला, असा. म्हणजे यंत्रं परत करता येतील. तुमची खोलीही तुम्हाला परत मिळेल."

ताईंनी हातातली केबल गुंडाळून पुरी केली, खुंटीला लावली. पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

"अहवाल आहे."

"ही तारीख जुनी आहे, ताई. ही गेली तर विकणारे विचारतील, आधी माहीत होतं तर घेतली कशाला."

"विचारू देत."

"समजून घ्या जरा. माझी अडचण होईल."

"माझी चार महिने झाली," ताई म्हणाल्या. "दोष ज्या दिवशी सापडला ती तारीख त्यावर आहे. ती बदलणार नाही. खोली नाही मिळाली तरी चालेल. मी इथे मजेत आहे, इथे कुणी माझ्या कानाचा विषय काढत नाही."

मालकांनी कागद हातात घेतला. मग म्हणाले, "मी बोलायला नको होतं ते."

"नको होतं."

"आता काय करू म्हणता?"

"वर चला. मिक्सर चालू करा आणि दीड तास बसा. तुम्ही स्वतः. फोन बाहेर ठेवून."

ते बसले. चाचणीच्या खोलीत, ताईंच्या शेजारच्या खुर्चीवर. पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा घड्याळ पाहिलं, मग तेही सोडून दिलं. वेळ झाल्यावर ताईंनी त्यांचा हात स्पीकरच्या पेटीवर ठेवायला लावला. एक. दोन. तीन. मालकांनी हात उचलला नाही. "पुन्हा लावा तिसरा," ते हळूच म्हणाले. ताईंनी पुन्हा लावला.

जुन्या तारखेचाच अहवाल गेला. उत्तरादाखल कडू पत्रं आली, दोन महिने भांडण चाललं, मालकांना चार लोकांत मान खाली घालावी लागली. शेवटी उत्पादकाने वीजपुरवठ्याची जागा बदलली आणि चाळीसही यंत्रं बदलून दिली. सही करणाऱ्या तंत्रज्ञाला काढून टाकायचं चाललं होतं, ते ताईंनी होऊ दिलं नाही. "त्याला सही करायला कुणी सांगितलं, ते आधी लिहा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि विषय तिथेच मिटला.

नवे चाळीस नग आले तेव्हा मालक खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "आता एक-दोन तपासले तरी पुरे ना, ताई? नमुन्यादाखल."

"चाळीस," ताई म्हणाल्या. "प्रत्येकी दोन तास."

"दीडाचे दोन कधी झाले?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा," ताई म्हणाल्या आणि पहिलं खोकं उघडायला घेतलं.