रेबेकाने मोडलेली काडी

बेचाळीस-त्रेचाळीसची गोष्ट. पारनेरकडची रेबेका खुरपणीला जाऊन पोट भरायची. तिचं लग्न पाळकसाहेबांनी चर्चमध्ये लावलं होतं आणि मोडलं मात्र गावच्या पंचांनी, लिंबाखाली. घराणं ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या, तरी घरात भांडण पेटलं की पाय जुन्या पंचांकडेच वळत. नवऱ्यानं, आमोसनं, बाई ठेवली. रागाच्या भरात रेबेकानं काडीचं एक टोक धरलं, दुसरं त्यानं. काडी मोडली. सुटलात, असं पंच म्हणाले. अक्कल पाजळायला पंचांचं काय जातं!

पुढं विधुर यशया सुतारानं तिला मागणी घातली. माणूस भला. तिच्या लहानग्या लेकीला, दीनाला, त्यानं लाकडाची बैलजोडी करून दिली होती. रेबेका पुन्हा हसायला लागली, तेवढ्यात आमोस पोरीला न्यायला दारात उभा राहिला. काडीमोड झाली की पोर बापाची, हा पंचांचा रिवाज. शेजारच्या बाया आडव्या आल्या म्हणून त्या दिवशी तो परत गेला, पण पुन्हा येईन असं बजावून.

रेबेकानं नगर गाठलं. शामकांत वकिलांनी सगळं ऐकून घेतलं.

“बाई, चर्चमधलं लग्न काडीनं मोडत नाही. पंचांचा निवाडा कोर्टात टिकायचा नाही. पोर लहान आहे, कोर्ट तिचं हित बघतं; ताबा मागू आपण.”

“मंग यशयासंगं माजं लगीन?”

“ते नाही होणार. काडी खरी धरली तर पोर त्याची. खोटी धरली तर तुम्ही त्याची बायको.”

“त्यानं बाई ठिवलीया की!”

“नुसत्या तेवढ्यावर कायदा बायकोला फारकत देत नाही. जोडीला त्यानं तुम्हाला टाकलं म्हणावं, तर काडी तुम्हीही धरली होती.”

आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता तिनं. रेबेका पदर पिळत बसली. तिला यशया हवा होता, मनापासून हवा होता. त्यात चोरी कसली?

सुनावणीला यशया आला आणि दीनाला मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसला. न्यायाधीशांनी आमोसकडं बोट केलं.

“हा तुझा कोण?”

रेबेकानं मागं वळून पाहिलं नाही.

“माजा नवरा हाय, सायेब.”

यशयानं दीनाला मांडीवरून उतरवलं आणि हळूच म्हणाला, “जा, आईकडं जा.”