भुऱ्याचा उपवास

उभ्या नंदुरबारात आमच्या समोरच्या शेठजींइतकी कुत्र्याची प्रकृती जपणारा माणूस झाला नाही, आणि त्या कुत्र्याला त्यांच्याइतका कमी ओळखणाराही झाला नाही. गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. शेठजींचं किराणा दुकान, घराणं मारवाडातलं, धर्म जैन, बोलणं मात्र गिऱ्हाइकांच्या संगतीनं पक्कं अहिराणी. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो, आणि सकाळी ओट्यावर चहा घेत समोरची गंमत बघणं हा माझा नेम होता. बरं, कुत्रा तरी कसा? भुरकट, एका कानाचा शेंडा तुटलेला, गल्लीतच जन्मलेला. पण थाट असा की संस्थानिकानं बघत राहावं!

दुकान उघडलं की शेठजी आधी भुऱ्याच्या नाकाला बोट लावायचे. नाक ओलं लागलं की चेहरा खुलायचा. मग डोळे, कान, चारी पंजे. मग मिरच्या तोलायच्या मोठ्या काट्याच्या पारड्यात स्वारी बसायची आणि दुसऱ्या पारड्यात वजनं चढायची. "थांब ना भाऊ, भुऱ्याले तोली ऱ्हायनू," असं गिऱ्हाइकाला सुनावलं जायचं. प्यायला गाळलेलं पाणी, दूधभाकरी दिवे लागायच्या आत. अंगावर गोचीड सापडली तर मारायची नाही. चिमटीत हलकेच धरून डबीत ठेवायची आणि संध्याकाळी रुळांपलीकडच्या गवतात सोडून यायची. सोडायला जाताना सोबत अर्थात भुऱ्या! तो त्याच गवतात मनसोक्त लोळायचा आणि गोचिडी आपापल्या घरी परतायच्या. "मास्तर, यंदा गोचीड लई शे," असं शेठजी मला दर आठवड्याला सांगत. मी गंभीरपणे मान हलवत असे.

एवढी तपासणी व्हायची, पण तोंडात कधी कोणी बघितलं नाही. दूधभाकरी खाणाऱ्याच्या तोंडात बघायचं काय? दुपारी शेठजींचा डोळा लागला की हे महाशय खाटकांच्या आळीत हजेरी लावून येतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मलाही होतं. पण शेठजींना सांगणार कोण? आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजाच वाटायची.

एका वर्षी पर्युषण आलं. शेठजींचे उपवास सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी भुऱ्यानं भाकरीकडे पाठ फिरवली. झालं! "मास्तर, भुऱ्यानी बी उपवास धरा!" शेठजींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पाणी तेवढं तो कसंबसं प्यायचा, तेही दिवसा. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया हात जोडू लागल्या. लाळ गळायला लागली, तर शेठजी म्हणाले, "मोह व्हस, पन आवरस." काट्यावर वजन उतरलं, तर तपानं ते उतरणारच! चौथ्या दिवशी मात्र भुऱ्या पारड्यात बसेना. तिथंच आडवा झाला. नाक सुकून गेलं होतं. शेठजी त्या नाकाला बोट लावून तसेच बसून राहिले. "मास्तर, तुम्ही तरी याले सांगा ना, उपवास सोड म्हनीसन," ते म्हणाले. मला हसू आलं नाही. कुत्रा मरणार हे दिसत होतं.

तेवढ्यात सातपुड्यातून डिंक घेऊन आलेला एक पावरा आदिवासी म्हातारा मीठ घ्यायला दुकानात शिरला. त्यानं गाठोडं खाली ठेवलं, भुऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, जबडा फाकवला आणि दोन बोटं आत घातली. टाळूत आडवा रुतून बसलेला बोटभर हाडाचा तुकडा त्यानं ओढून काढला. "शेठ, हाई अडकेल व्हतं," तो म्हणाला. "खाई कसं?"

जैनाच्या दुकानात हाड! आता शेठजी काय करतात, म्हणून सगळी गल्ली बघत उभी राहिली. त्यांनी हाडाकडे पाहिलं, भुऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दूध लया कोनी." भुऱ्या वाटी चाटून पुसून प्यायला. शेठजी शेजारी जमिनीवर बसून होते.

संवत्सरीला जैन माणसं ज्याला त्याला हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. शेठजी दरवर्षी आमच्या ओट्यावर येत. त्या वर्षी पाहतो तर दुकानासमोर भुऱ्यापुढे उकिडवे बसलेले, हात जोडून. "तू उपाशी व्हता, अन् मी गावभर तुन्ही बढाई मारी," ते म्हणाले. भुऱ्यानं त्यांची जोडलेली बोटं चाटली. मग धोतर झटकून शेठजी रस्ता ओलांडून आले आणि माझ्यापुढेही तसेच हात जोडून उभे राहिले.

भुऱ्या गेला, शेठजींनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या चार दिवसांत खाटकांच्या आळीचं नाव मी एकदा जरी काढलं असतं, तरी त्यांनी त्याचं तोंड उघडून बघितलं असतं. त्या दिवशी हात जोडायची पाळी माझी होती. मी नुसतं म्हटलं, "बसा ना, शेठजी."