सिद्रामअण्णांचा चढ

सिद्राम मुकादम नव्या रस्त्यावर पाऊल टाकण्याआधी वहाणा काढून बगलेत मारायचे. निपाणीला मी ओव्हरसियर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते असेच. पन्नाशीचा काटक माणूस भर दुपारी तापलेल्या मुरमावर अनवाणी चालला होता. मला वाटले, काही नवस असेल. विचारले तर म्हणाले, "पाय सांगत्यात सायेब, कुठं दबलंय, कुठं फुगलंय. कागद खोटा न्हाय, पण कागदाला धाप लागत न्हाय."

हे शेवटचे वाक्य मी पुढे दोन वर्षांत शंभरदा ऐकले आणि पहिल्या नव्वद वेळा मला त्याचा राग आला. मी बेळगावच्या शहापूरचा. घरात दोन माग, अंगणाएवढी जागा, आणि बैल पाहायचा तो बाजारात. पण खिशात डिप्लोमा होता. खडी फोडणाऱ्या बापाच्या हाताखाली रस्ता शिकलेल्या माणसाने मला नकाशा शिकवावा, हे काही केल्या पचत नव्हते. सिद्रामअण्णांना ते कळत असे. ते मला मुद्दाम 'डिपलोमासायेब' म्हणत, आणि त्यात टिंगल किती, माया किती, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही.

ही गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. नवा हमरस्ता गावाबाहेरच्या खालच्या रानातून गेला आणि तंबाखूची पेठ वर माळावर राहिली. खेड्यांतून तंबाखूचे बोद, म्हणजे ठासून भरलेली मोठी पोती, घेऊन येणाऱ्या बैलगाड्यांना जुन्या नाक्यावरून वळसा घालावा लागे. त्यात अर्धा दिवस जाई. म्हणून हमरस्त्यावरून थेट पेठेत चढणारा जोडरस्ता मंजूर झाला. नकाशात तो सरळसोट होता, शिडी भिंतीला लावावी तसा.

अण्णा त्या जागेवरून अनवाणी वर गेले, खाली आले आणि म्हणाले की ट्रक चढेल, भरलेली गाडी चढणार नाही. त्यांच्या मनात दुसरा रस्ता होता. वखारींच्या मागून लांब वळण घेऊन जाणारा. मी आठवडाभर वाद घातला, मग हातात फीत घेऊन मोजले, आणि तोंड पाडून बेळगावच्या मोठ्या साहेबांना तसे लिहून पाठवले.

साहेब तापट, पण सरळ माणूस. त्यांनी मला बोलावून सांगितले की मुकादमाच्या म्हणण्याप्रमाणे मुरमाचा थर टाका, मी पाहायला येतो. भरलेली गाडी वाटेत न थांबता, मागून कुणी चाकाला हात न लावता वर गेली, तर हाच रस्ता कायम. नाही तर सरळ नकाशाप्रमाणे काम होईल आणि बैलगाड्यांना त्यावर बंदी. निरोप सांगितल्यावर अण्णांनी गाडीवानांना बोलावले आणि सगळ्यांदेखत शब्द दिला की गाडी वर जाईल.

तपासणीचा दिवस मी ठरवला. भिंतीवरच्या कॅलेंडरात बेंदूर, म्हणजे इकडचा बैलपोळा, आषाढात दाखवला होता, तो अजून दीड महिना लांब होता. मोठ्या हुशारीने मी त्याच्या बऱ्याच आधीची ज्येष्ठी पौर्णिमा पक्की केली. अण्णा तेव्हा लेकीला पाहायला चिकोडीला गेले होते, त्यांना विचारायचेही सुचले नाही. सीमेवरच्या आमच्या मुलखात बेंदूर दोन, आणि इथला शेतकरी पाळतो तो कर्नाटकी बेंदूर नेमका ज्येष्ठी पौर्णिमेला, हे मला त्या सकाळी गल्लीत शिंगे रंगवलेले, झुली घातलेले बैल पाहून कळले. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. साहेबांची जीप संकेश्वर ओलांडून निघाल्याचा फोन आला होता, आणि दुसऱ्या दिवशी ते फाइल बेंगळूरला पाठवणार होते.

तेवढ्यात अण्णा एसटीतून उतरले. मी रडकुंडीला येऊन सांगितले, एखादी जोडी मिळते का पाहा.

"बैल मागू नगा," ते म्हणाले. "वर्साचा त्येंचा एक दिस हाय."

ते चढाच्या पायथ्याशी गेले. मारुती गाडीवानाची गाडी आदल्या संध्याकाळपासून बोदांसकट तिथे उभी होती. अण्णांनी मारुतीशी दोन शब्द बोलून जुवाला खांदा दिला. दुसऱ्या बाजूला मारुती उभा राहिला. मग कुणी न सांगता हमाल आणि गाडीवान आले, दोरखंड बांधले गेले. आठ माणसे झाली.

साहेबांनी जीपमधून उतरून हा प्रकार पाहिला आणि विचारले, बैल कुठे आहेत. मी चूक माझी म्हणून सांगितले. ते छत्री उघडून गाडीच्या बाजूने चालू लागले. नजर चाकावर.

निम्म्या चढावर गाडी जड झाली. माणसांच्या मानेच्या शिरा दिसू लागल्या. चाक इतके हळू फिरत होते की मला वाटले, थांबलेच. मी नकळत मागून हात लावायला धावलो.

"हात लावू नगा सायेब," अण्णा मान न वळवता म्हणाले. "वळण आलं."

गाडी वळणावर आली आणि जू हलके झाल्याचे मला मागूनही दिसले. आठही जणांनी चालता चालता छाती भरून श्वास घेतला. मग राहिलेला चढ त्यांनी एका दमात काढला. गाडी पेठेत शिरली तेव्हा वखारीतून बायका बाहेर येऊन उभ्या होत्या. मला हसू आणि रडू एकदमच आले.

साहेबांनी छत्री मिटली आणि अण्णांना विचारले, वळणावर काय केलेत? अण्णा धोतराच्या सोग्याने तोंड पुसत म्हणाले, "तिथं सपाटी ठेवलीया. बैल तिथं दम खातो, थांबत न्हाय. नकाशात त्येला दम खायला जागाच न्हवती." साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि अण्णांना नमस्कार केला. मोठ्या साहेबाने मुकादमाला नमस्कार केलेला मी तो एकदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली हमरस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागली. कालच्या रंगाची शिंगे, गळ्यात घुंगरमाळा. गाडीवानांनी अण्णांना उचलून पहिल्या गाडीत बोदांवर बसवले. त्यांचा खांदा सुजून टम्म झाला होता. आयुष्यभर त्यांनी रस्ते केले. पण त्यावरून पहिल्यांदा जायचे ते हारतुरे घातलेले मंत्री. मी मान खाली घालून गाडीमागून चालत होतो. वळण आले, बैलांनी दम खाल्ला, आणि वरून अण्णांची हाक आली. ते एका बाजूला सरकून जागा करत होते.

"या, वर या डिपलोमासायेब," ते म्हणाले. "चूक तुमची व्हती. पण चढ आपला हाय."

त्यांनी चांगल्या खांद्याचा हात पुढे केला, आणि चालत्या गाडीत मी चढलो.