फुटबॉल सोडून काहीही बोला

"कसं पडलात?" मी विचारलं आणि तिथंच सगळं बिनसलं.

खरं तर हा प्रश्न विचारणं माझं कामच होतं. मी फिजिओथेरपिस्ट. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शाहूपुरीतल्या हाडांच्या एका खासगी दवाखान्यात नोकरी करत होते. मोडलेलं हाड सर्जन जोडतात. ते जुळेपर्यंत आखडून गेलेला सांधा पुन्हा हलता करायचा, ते आमचं काम. तेव्हा हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. पेशंटच्या लेखी मी 'मालिशवाल्या बाई'.

दोन खाटांच्या त्या खोलीत दोघं आदल्या दिवशी दाखल झाले होते. खिडकीकडे आण्णा, साठीचे, गुळाचे अडत व्यापारी. दाराकडे रमजानभाई, पन्नाशीचे, ट्रक ड्रायव्हर. दोघांच्या गुडघ्याची वाटी फुटलेली, दोघांचा पाय बरेच आठवडे प्लास्टरमध्ये, आणि प्लास्टर निघाल्यावर दोघांचाही गुडघा वाकायचं विसरलेला. पहिल्या दिवशी "पावणं, गुळाचा खडा घ्या" आणि "पावणं, चहा सांगू का?" असं चाललं होतं. एकमेकांना पाय दाखवून झाले. बायकांच्या ओळखी निघाल्या.

मग मी तो प्रश्न विचारला.

"मॅच बघाय गेलतो," आण्णा म्हणाले. "आमच्या पोरांनी शेवटाला गोल खाल्ला. डोस्कं सटाकलं. तसाच उठून निघालो आणि गॅलरीची पायरी चुकली."

रमजानभाई कोपरावर उठून बसले. "कुठली मॅच?"

आण्णांनी सांगितलं.

"अवो, मी त्याच मॅचच्या मिरवणुकीत टेंपोवरनं पडलोय की!"

आण्णांनी गुळाची पुडी उशीखाली सरकवली. कोल्हापुरात फुटबॉल टीम तालमीची, म्हणजे पेठेतल्या मंडळाची असते, आणि तालीम जन्मानं मिळते, आडनावासारखी. या दोन तालमींची नावं मी सांगत नाही. कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून उपयोग नाही. आण्णा वरच्या तालमीचे आणि रमजानभाई खालच्या, एवढं धरून चाला.

संध्याकाळी दोन्हीकडची मंडळी डबे घेऊन भेटायला आली. त्यातला एक डबा उडाला. तो कुणी उडवला याबद्दल आजही दोन मतं आहेत. तांबडा रस्सा मात्र भिंतीवर छतापर्यंत गेला होता, त्याबद्दल एकमत आहे.

दुसऱ्या दिवशी राउंडला सर आले. सर म्हणजे आमचे सर्जन आणि दवाखान्याचे मालक. त्यांनी आधी भिंत बघितली, मग पेशंट.

"या खोलीत फुटबॉल हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल, त्याला त्या क्षणी डिस्चार्ज," सर म्हणाले.

"पाय वाकला न्हाय तरी?" आण्णांनी विचारलं.

"तरी. बोलायचंच असेल तर फुटबॉल सोडून काहीही बोला."

आण्णांना डिस्चार्ज परवडणारा नव्हता. गुडघ्याचा कोन मोजायला आमच्याकडे गोनिओमीटर असतो. शाळेतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्या की झाला गोनिओमीटर. पाय सरळ म्हणजे शून्य; खुर्चीत बसल्यावर गुडघ्याचा होतो तो काटकोन, म्हणजे नव्वद. आण्णांचा गुडघा चाळीस अंशांवर अडला होता. पुढच्या सोमवारपर्यंत तो नव्वदला आला नाही, तर भूल देऊन, जोर लावून तो मोकळा करावा लागणार होता. आण्णांना बीपी आणि शुगर दोन्ही. भूल देणारे डॉक्टर फाइल बघून नुसतेच हूं म्हणाले होते.

आणि आण्णांची भीती वेगळीच होती. अडतीच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसायचं असतं. त्यांचे वडील तसेच बसले, तेही तसेच बसले.

"पोरानं दुकानात गोल फिरणारी खुर्ची आणून ठेवलीय," एकदा ते हळूच म्हणाले. "गादी काढून टाकली तर मी काय करू मॅडम? मी जित्ता हाय अजून." त्यांचे डोळे भरून आले. मला खरंच वाईट वाटलं. पण पायाला हात लावला की ते असे ओरडायचे की शेजारच्या खोलीतले पेशंट माझ्याकडे यायचं टाळू लागले.

फुटबॉलबंदीचा पहिला दिवस मौनात गेला. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी भिंतीवरच्या फळीवरचा टीव्ही लावला. टेनिस चालू होतं. दोन गोरे खेळत होते. दोघांची नावं या दोघांना माहीत नव्हती.

"ह्यो उंच गडी बरा खेळतोय," रमजानभाई स्वतःशीच म्हणाले.

"बुटका मारतोय त्येला," आण्णा ताबडतोब म्हणाले.

झालं. मॅच संपेपर्यंत दोघंही टेनिसचे जुने जाणकार होऊन बसले.

त्यानंतर त्या खोलीत जगातल्या एकूण एक खेळांची चर्चा झाली. कुस्ती लागली, आण्णा मातीच्या बाजूचे, म्हणून रमजानभाई मॅटच्या. गाड्यांची रेस लागली. रमजानभाई जाणकाराच्या थाटात म्हणाले, "वळणावर गिअर टाकला बघा, हातात कला हाय." आण्णा म्हणाले, "गोल गोल फिरून परत हितंच यायचं तर निघायचं कशाला?" गोल्फ बघून रमजानभाईंनी विचारलं, "खड्डा आधीच काढून ठेवलाय, त्यात बॉल टाकाय एवढी माणसं कशाला?" आण्णांना आदल्या दिवसापर्यंत गोल्फ ठाऊक नव्हतं. पण ते गोल्फच्या बाजूनं तासभर भांडले. पेपरात बुद्धिबळाची बातमी आली तेव्हा आण्णांनी पांढरी बाजू धरली. "पांढऱ्याला पहिली चाल कोण देतंय? पंच फोडलेला हाय," असं रमजानभाईंचं म्हणणं पडलं.

भारताची क्रिकेट मॅच आली तेव्हा मी निर्धास्त झाले. म्हटलं, आज तरी एक बाजू होईल. तर आण्णांनी आपले बॅट्समन धरले आणि रमजानभाईंनी आपले बोलर. बॅट्समननी माती खाल्ली, बोलरनी मॅच काढून दिली. रमजानभाईंनी सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. भारत जिंकला होता, पण आण्णा रात्री जेवले नाहीत.

बोलणं अर्थातच सगळं फुटबॉलचं होतं, फक्त तो शब्द नव्हता. "काही लोकास्नी पाठीमागनं पाय घालायची सवयच असती," हे वाक्य मी पोहण्याच्या स्पर्धेवरही ऐकलं आहे.

याच दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आखडलेल्या गुडघ्याला सगळ्यात अवघड व्यायाम म्हणजे खाटेच्या कडेला बसून पाय खाली लोंबता सोडणं. मी सांगितलं की आण्णा पाय सोडायचे आणि लगेच "आई गं" करून वर घ्यायचे. पण भांडताना ते आपण होऊन कडेला यायचे, समोर बोट नाचवायचे, आणि पाय लोंबतोय हे विसरून जायचे. कोन रोज थोडा पुढं सरकत होता. मग मी रमजानभाईंचा पाय मोजून झाला की आकडा जरा मोठ्यानं सांगू लागले.

"माजा किती?" आण्णा विचारायचे.

"त्यांच्यापेक्षा कमी."

"दाबा."

दोघंही सत्तरच्या आसपास आले होते. आणि तेव्हाच सरांनी आण्णांच्या बीपीचा कागद बघितला. बीपी टेनिसला चढलेली, कुस्तीला जास्त चढलेली.

"या दोघांना वेगळं करा," सर म्हणाले. रमजानभाई पॅसेजच्या टोकाच्या खोलीत गेले.

बीपी उतरली. फाइल सुंदर दिसू लागली. गुडघा मात्र होता तिथंच थांबला. आण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. टीव्ही चालू असायचा. एकदा त्यांनी सिस्टरना विचारलं, "ह्यातल्या कुठल्या बाजूच्या तुमी?"

"मला त्यातलं काही कळत नाही आण्णा."

"मंग जावा," आण्णा म्हणाले आणि टीव्ही बंद करायला सांगितला.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, त्या दोघांना परत एकत्र ठेवूया."

"मॅडम, तुम्हाला बीपी दिसत नाही का?"

"दिसते. गोळी वाढवून ती आटोक्यात ठेवता येईल. ईर्षेची गोळी आपल्या मेडिकलमध्ये मिळत नाही."

ईर्षा हा शब्द कोल्हापुरात फुटबॉलच्या बाबतीत फार कौतुकानं वापरतात. सर कोल्हापूरचेच. ते पेन हलवत म्हणाले, "फिजिशियनला विचारून करतो. पण सोमवार म्हणजे सोमवार. आणि शब्दाचा नियम कायम."

रमजानभाई परत आले. आत पाऊल टाकताच त्यांनी रिमोट ताब्यात घेतला. आण्णांनी कूस बदलली आणि डोळे उघडले. पण मधले दिवस वाया गेले होते. रविवारी रमजानभाई नव्वदच्या पुढं गेले. आण्णा ऐंशीला अडकले, ते काही केल्या हलेनात.

सोमवार उजाडला. आण्णांना सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. हिरवा गाऊन घालून ते खाटेवर पाय पसरून बसले होते. मी शेवटचं मोजायला आले होते, पण त्यांनी पायाला हात लावू दिला नाही. रमजानभाईंचा डिस्चार्ज झाला होता. कुबडी एका काखेत, पिशवी दुसऱ्या हातात. दारापर्यंत गेले आणि वळले.

"मॅडम, माजा डिस्चार्ज झाला न्हवं? कागदावर सही झाली?"

"झाली."

"म्हंजे आता मला कोण काय करू शकत न्हाय?"

"नाही. का?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली, छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडले, "फुटबॉल! फुटबॉल! फुटबॉल! आण्णा, त्या मॅचला तुमचा गोलकीपर झोपला हुता! आणि तुमी? तुमी मॅच संपायच्या आधी पळालासा!"

कोल्हापुरात हरलेल्याला माफी आहे. हरताना गॅलरी सोडणाऱ्याला नाही.

"पळालो?" आण्णांचा आवाज चिरकला. "मी पळालो? फुटबॉल तुज्या बानं तरी बघितलाय का रं!" आणि ते उठले.

इथं थोडं समजावून सांगते. आमच्या खाटा बुटक्या होत्या. बुटक्या खाटेवरून उठायचं तर पाय मागं, खाटेखाली ओढावा लागतो. त्याशिवाय अंगाचा भार पुढं येत नाही. म्हणजे गुडघा नव्वदच्या पुढं वाकावाच लागतो. आण्णा इतके दिवस सिस्टरांच्या खांद्यावर भार टाकून, पाय काठीसारखा पुढं ठेवून उठायचे. आज त्यांनी कुणाला हाक मारली नाही. टाच खाटेखाली गेलेली मी डोळ्यांनी बघितली. ते उभे राहिले, एक पाऊल टाकलं, मग दुखलं असावं, कारण तोंड उघडं राहिलं.

"आण्णा, परत बसा," मी म्हटलं. "पाय तसाच मागं घ्या. घ्या म्हणते ना."

रागाच्या भरात त्यांनी घेतला. मी पट्ट्या लावल्या. काटकोन ओलांडून वर थोडा शिल्लक होता.

आरडाओरडा ऐकून सर आले. मी पट्ट्या दाखवल्या. सरांनी स्वतः पुन्हा मोजलं. "ऑपरेशन कॅन्सल," ते म्हणाले. मग दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "शब्द कुणी कुणी उच्चारला?"

दोघांनी हात वर केले. रमजानभाईंचा डिस्चार्ज आधीच झालेला होता. आण्णांचा तिथल्या तिथं झाला.

रमजानभाईंनी हे मुद्दाम, आण्णांचं ऑपरेशन टळावं म्हणून केलं, असं मानायचा मला फार मोह झाला. पॅसेजमध्ये गाठून विचारलंसुद्धा.

"मदत? त्येला?" ते कुबडीवर थांबले. "अवो मॅडम, इतके दिस पोटात धरलं हुतं. आज बाहीर पडलं, बरं वाटलं."

सरांना मात्र ही उपचारपद्धत आवडली. पुढं कागलकडचे दोन पेशंट आले, साखर कारखान्याच्या निवडणुकीतले एकमेकांच्या विरुद्ध पॅनेलचे. सरांनी त्यांना हौसेनं एका खोलीत ठेवलं. त्यातल्या एकाचा दुसरा पायही आम्हालाच जोडावा लागला. पुन्हा तो विषय निघाला नाही.

काही महिन्यांनी मी गूळ घ्यायला आण्णांच्या दुकानात गेले. गोल फिरणारी खुर्ची कोपऱ्यात होती आणि तिच्यावर रिकामी पोती ठेवली होती. आण्णा गादीवर मांडी घालून बसले होते. मला बघून त्यांनी चहा सांगितला, घरच्यांची चौकशी केली. मग आवाज बारीक करून विचारलं, "त्येचा किती वाकतोय?"

"एकशे तीस." रमजानभाई त्याच आठवड्यात येऊन गेले होते. आता व्यायामाची गरज नाही, असं मला सांगून गेले होते.

"माजा बघा." गिऱ्हाइकांसमोर आण्णांनी धोतर सावरून पाय पुढं केला आणि गुडघा कचकन वाकवला. माझ्याकडे गोनिओमीटर नव्हता.

"एकशे एकतीस," मी म्हटलं.

आण्णांनी गुळाचे पैसे घेतले नाहीत. मी घरी परतायच्या आत ही बातमी खालच्या तालमीपर्यंत कशी पोचली ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओपीडी उघडली, तेव्हा बाकावर रमजानभाई बसले होते. त्यांनी रामराम केला नाही, बसा म्हणायची वाटही बघितली नाही. टेबलावर आडवे झाले आणि पाय माझ्याकडे सरकवला.

"दाबा," ते म्हणाले.